सुपाएवढी जमीन

"मी ठणठणीत आहे. पेरा," सळईतून मातीचा आवाज आला आणि पेरणीयंत्र सुरू झालं. शेतोशेती अशा बोलत्या सळया रोवलेल्या होत्या. मातीनं होकार दिल्याशिवाय यंत्र हलत नसे. पण कृषी सहायक वनमाला ढोकेंना तो होकार पटेना. देवबा खंदारेचं हे सगळं रान तर चुनखडीसारखं पांढरं पडलं होतं.

त्यांनी सळईपाशी बसून उकरलं. सुपाएवढ्या जागेत माती काळीभोर आणि भुसभुशीत होती. तिच्यात शेणखत होतं, वर पालापाचोळ्याचं आच्छादन, आत गांडुळंसुद्धा.

"देवबाभाऊ, हे कुठं शिकलात?"

"तुमच्याच वर्गात की, मॅडम. एकदाही चुकवला नाही."

"मग बाकीच्या रानात का नाही केलं?"

"तिथं कुठं सळई आहे?"

वनमालाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी सळई उपटली, तरातरा रानाच्या मध्यावर गेल्या आणि सगळा जोर लावून ती तिथल्या टणक, पांढऱ्या जमिनीत खुपसली. यंत्र जागीच थांबलं. सळईतून नुसती खरखर येत राहिली.

देवबाचा चेहरा उतरला. "मॅडम," तो हलकेच म्हणाला, "ही बोलत का नाही?"