पुसून आणलेलं वजन

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दुकानदारानं एक किलोचं लोखंडी वजन पुलावरून नदीत टाकलं. धुक्यात पाणी दिसत नव्हतं. जरा वेळानं खालून आवाज आला, कुणी झोपेत कूस बदलावी तसा.

टाकण्याआधी त्यानं ते दोन्ही हातांत धरलं होतं. मुठीवरचा टवका अंगठ्याला लागला. तो कधी पडला, हे त्याला आठवेना. वजन वाटलं होतं त्यापेक्षा जड लागलं. पापाचा भार असाच लागत असणार, असं त्याच्या मनात आलं. उलटं करून तळ बघायचा धीर झाला नाही.

तळाशी काय आहे ते त्याला ठाऊक होतं. एकोणीस वर्षांपूर्वी त्यानंच तिथल्या खोबणीतलं शिसं खरवडून काढलं होतं, मेण भरलं होतं आणि वरून काळा रंग फासला होता. किलोमागे साठ ग्रॅम कमी. खरं वजन पडद्यामागच्या खणात, कापडात गुंडाळलेलं. वर्षातून एकदा वजनमापांचा तपासनीस दारात दिसला की बायको म्हणायची, "थांबा हं, धूळ बसलीय. पुसून आणते." आत जायची आणि वजन बदलून आणायची. दुकानदार तेवढा वेळ साखरेच्या पोत्याची दोरी सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. तराजूकडे बघायची त्याची छाती नव्हती.

बायको गेल्या हिवाळ्यात वारली. प्रार्थनाघरात शेवटच्या बाकावर तिची जागा रिकामी होती. तो तिथं जाऊन बसू लागला.

"ख्रिस्त न्याय करायला येईल तेव्हा तराजू त्याच्या हातात असेल," कालच, रविवारी, पाळक म्हणाले होते. त्यांचा आवाज हळू होता, आजाऱ्याशी बोलावं तसा. "तो दिवस आधी निरोप धाडून येणार नाही. घरी जा. जे वाकडं केलंय ते आज सरळ करा." खिडकीतून आलेल्या उन्हात धूळ तरंगत होती. दुकानदाराला ती पिठासारखी दिसली.

निघताना पाळकांनी त्याचा हात धरला. "तुमच्या मंडळी आठ वर्षांपूर्वी याच बाकावर हमसून हमसून रडल्या होत्या."

"कशासाठी?"

"मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी आल्या त्या मात्र हसत."

"माझ्यासाठीच रडली असेल," दुकानदार म्हणाला.

पुलावरून परत आल्यावर त्यानं खण उघडला, कापड सोडलं आणि आतलं वजन तराजूशेजारी ठेवलं. हाताला कसं हलकं हलकं वाटलं. तळ बघितला नाही. खऱ्याचं काय बघायचं?

सात वाजता कोपऱ्यावरची पावाची भट्टीवाली पीठ न्यायला आली. एकेका किलोची वेगळी पिशवी, अशा तीन पिशव्या ती रोज न्यायची.

"काय भाऊ, गालातल्या गालात हसताय! कुणाची सोयरीक जमवलीत?"

"मन हलकं झालंय."

"होऊ द्या. माझं पीठ हलकं करू नका म्हणजे झालं."

दुकानदार मोठ्यानं हसला. एकोणीस वर्षांत असल्या थट्टेला तो पहिल्यांदाच हसला होता.

पुढचे दिवस पाण्याखाली चालावं तसे गेले. पारडी डोलत, पीठ अलगद खाली बसे, गिऱ्हाइकांचे आवाज लांबून येत. त्याला झोप लागू लागली. स्वप्नात बायको पडद्याशी उभी असायची, हातात फडकं.

शुक्रवारी भट्टीवाली तक्रार घेऊन आली, पण स्वतःचीच. "माझा हात बिघडलाय बघा. किलोत वीस पाव उतरायचे. वर्षानुवर्षं वीस. या आठवड्यात एकोणिसावर पीठ संपतं."

"वय झालं तुमचं."

"वय झालं असेल तुमचं! माझा अंदाज कधी चुकत नाही."

त्याला तिची कीव आली. त्यानं दोन शब्द गोड बोलून तिची पिशवी भरून दिली. अगदी काटेकोर तोलून.

बाराव्या दिवशी दुपारी चार वाजता तपासनीस आला. दुकानदार पोत्याकडे गेला नाही. तराजूसमोर उभा राहिला.

"वहिनींचं कळलं," तपासनीस म्हणाला. "वाईट झालं. वजन पुसायचंय का?"

"नको. आहे तसंच तपासा."

तपासनिसानं पेटीतलं पितळी वजन एका पारड्यात ठेवलं, दुकानातलं दुसऱ्यात. लोखंडाचं पारडं वर गेलं. त्यात त्यानं वीस ग्रॅम टाकले, मग आणखी वीस, मग आणखी वीस. पारडी समोरासमोर आली. लोखंडी वजन उलटं करून त्यानं तळाला नख लावलं. नखात मेण आलं.

"हे कुठून काढलंत?" तो म्हणाला. "वहिनी पुसून आणायच्या ते द्या ना. मुठीवर टवका पडलेलं. गेली आठ वर्षं मी ते टवक्यासकटच तपासतोय."

साडेपाचला दुकान उघडंच होतं. दुकानदार पुलाखाली कमरेएवढ्या पाण्यात पायानं तळ चाचपत होता, असं भट्टीवालीनं सांगितलं. धुकं उतरू लागलं होतं.