मशीनचं तेल

"माझ्या मशीनच्या तेलाची बाटली बघितलीस काय रे?" शिवता शिवता आईनं विचारलं.

"कसली बाटली?"

"तुझीच ती, ब्रेक ऑईलची. रिकामी पडली होती, म्हणून धुऊन त्यात तेल भरून ठेवलं होतं."

सकाळीच मी मोटारसायकलचं ब्रेक ऑईल घरी बदललं होतं. व्हिडिओ बघत बघत, बायकोला, वृषालीला, ब्रेक दाबायला बसवून. मागच्या वेळचं उरलंय असं समजून कपाटातली ती बाटली अख्खी ओतली होती. शिलाई मशीनच्या तेलानं आतलं रबर फुगतं आणि ब्रेक कधीही दगा देतो. आणि वृषाली तीच गाडी घेऊन, घाट उतरून शाळेत शिकवायला निघाली होती. वीस मिनिटं होऊन गेली होती.

फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. घाटातलं एकेक वळण डोळ्यांसमोर यायला लागलं. "काय झालं रे?" आईनं विचारलं, तर तिच्यावरच ओरडलो. पाचव्यांदा फोन उचलला गेला.

"वृषाली, गाडी थांबव! आहेस तिथंच थांब!"

"गाडी गावातच, एसटी स्टँडवर लावलीय," ती हळूच म्हणाली. "मी एसटीत आहे. तुम्ही तो व्हिडिओ चार वेळा मागं नेलात ना, तेव्हाच ठरवलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. रागावलात?"

मी आईच्या शेजारी जाऊन बसलो. एवढंच विचारलं,

"बसायला जागा मिळाली ना?"