गालिच्यावर ठेवलेला पेला

शुक्रवारची नमाज आटोपून अबू नाएफ घाईनं घरी आला आणि बैठकीतले गालिचे त्यानं दुसऱ्यांदा झटकले. शेख मुफ्लिह येणार होते, सोबत ट्रकवाले. निरोप एवढाच होता की एक मागणं घेऊन येतोय. कसलं, ते निरोप्यानं सांगितलं नाही आणि अबू नाएफनंही विचारलं नाही. त्यात विचारायचं काय होतं? अख्खं गाव हिवाळाभर त्या एकाच गोष्टीवरून भांडत होतं.

अकबाच्या बंदरातून माल घेऊन आलेले ट्रक नकबचा घाट चढून गावालगतच्या माळावर रात्रीचे थांबत. पहाटेपर्यंत इंजिनं घरघरत. तावदानं थरथरत, घराघरांत धूर शिरे, पोरं खोकून बेजार होत. ट्रकवाले म्हणत, इंजिन बंद म्हणजे हीटर बंद, मग या पठारावरच्या थंडीत आम्ही काय तांदळाच्या पोत्यांना मिठी मारून झोपायचं? गाव म्हणे, तुमची ऊब आमच्या छाताडावर का? नगरपालिकेनं दोन्ही बाजूंना चहा पाजला आणि हात झटकले. पहिली तक्रार अबू नाएफची. त्यानं मागे घेतली तर माळ चालू, नाहीतर बंद.

आणि अबू नाएफ मागे हटणाऱ्यांतला नव्हता. तीन हिवाळ्यांपूर्वी घाटात त्याचा मुलगा नाएफ गाडीचं पंक्चर झालेलं चाक बदलत होता. एका ट्रकनं त्याला उडवलं. ट्रक कुणाचा, ते कधीच कळलं नाही. तेव्हापासून रात्री इंजिन घरघरलं की उम्म नाएफ अंथरुणातून उठून फाटकापाशी जाऊन उभी राही. बायकोच्या डोळ्याला एक रात्र तरी डोळा लागावा, एवढंच अबू नाएफला हवं होतं.

त्यातही एका हिरव्या ट्रकवर त्याचा विशेष राग होता. सगळा माळ मोकळा असला तरी हा पठ्ठ्या नेमका त्याच्या भिंतीला लागून उभा राहायचा. गेल्या आठवड्यात अबू नाएफनं संध्याकाळीच जाऊन त्याच्या दारावर काठी आपटली.

“जागा कमी पडते का रे? की माझ्याच उशाशी अंगाई म्हणायची आहे?”

ड्रायव्हरनं काच खाली केली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि इंजिन बंद केलं.

थोड्या वेळानं उम्म नाएफ त्याला मसुराचं गरम सूप देऊन आली. “वाडगा हातात धरून रडत होता,” ती परत येऊन म्हणाली. “गारठला असेल. कुणाचं तरी लेकरूच आहे. राहू द्या त्यांची इंजिनं. मला तशीही झोप कुठे येते?”

ते बोलणं अबू नाएफच्या काळजाला लागलं. आठवडाभर मनाशी झगडून त्यानं ठरवलं, तक्रार मागे घ्यायची. मात्र गुपचूप नाही. शेखनी चारचौघांत मागावं आणि आपण चारचौघांत द्यावं. तेवढा मान त्याला हवा होता.

गाड्या आल्या आणि उतरलेली माणसं पाहून तो चकितच झाला. शेख मुफ्लिह होतेच, वर दोन दूरच्या टोळ्यांचे शेख आणि मआनचे निवृत्त काझी. इंजिनांच्या घरघरीसाठी एवढी मोठी माणसं! त्याची मान ताठ झाली. सगळ्यांच्या मागून तो हिरव्या ट्रकवाला आला आणि दाराशी, चपलांपाशीच बसला. दाढी वाढलेली, नजर खाली. आरोपीलाही धरून आणलंय म्हणायचं, असं अबू नाएफच्या मनात आलं.

त्यानं कॉफीचा पहिला पेला शेखना दिला. शेखनी तो घेतला आणि न पिता समोर गालिच्यावर ठेवला. हे व्हायचंच होतं. मागणं मान्य झाल्याशिवाय पाहुणा कॉफीला तोंड लावत नाही, आणि एकदा तो प्याला की यजमानाला शब्द फिरवता येत नाही. पडद्यामागे उम्म नाएफची पावलं थांबली.

“अबू नाएफ, आम्ही मोठं मागणं घेऊन आलोय,” शेख म्हणाले.

“दिलं. कॉफी घ्या.”

“आधी ऐकून तर घ्या.”

“पाहुण्याला तोंड वेंगाडायला लावणं माझ्या बापानं मला शिकवलं नाही, शेख. जे मागायला आलात, ते दिलं.”

शेखनी काझींकडे पाहिलं. काझींनी मान खाली घातली. कुणीच हसलं नाही, हे अबू नाएफला जरा विचित्र वाटलं.

“इतकी माणसं साक्षीला आहेत,” शेख सावकाश म्हणाले. “शेवटचं विनवतो. ऐका, मग शब्द द्या.”

अबू नाएफला आता राग आला. आपल्या शब्दावर यांचा भरवसा नाही की काय?

“माझा शब्द एकदा गेला की गेला. कॉफी थंड होतेय.”

शेखनी पेला उचलला. त्यांनी तो रिकामा केला आणि उपडा घातला. “अल्लाह तुम्हाला याचं फळ देवो,” ते म्हणाले. “आम्ही सगळे साक्षी आहोत.”

अबू नाएफच्या मनावरचं ओझं उतरलं. फार दिवसांनी त्याला बरं वाटलं. तो दाराकडे वळला. “काय रे, आता तरी नीट झोपशील ना? चालू ठेव तुझं इंजिन खुशाल.”

तो माणूस उठला. माणसांच्या रांगेमधून चालत आला, डोक्याचा रुमाल काढून त्यानं अबू नाएफच्या पायांशी ठेवला आणि गुडघे टेकले.

“तीन हिवाळ्यांपूर्वी,” तो म्हणाला, “नकबच्या घाटात मी ट्रक थांबवला नाही.”