बेकरीपाशी डावीकडे

दुकान बंद करून घरी निघालो की शेजारच्या सीटवरून बाबांची टकळी सुरू. "आता बेकरीपाशी डावीकडे. मग पाण्याची टाकी. टाकीनंतर उजवीकडे." अहो, वीस वर्षं मी याच रस्त्याने येतोय! आवाज वाढवून वाढवून गाडीसोबत आलेल्या जुन्या स्टिरिओचं बटण निखळलं, पण बाबांचा आवाज त्याच्या वरताण.

शेवटी वैतागून मोठ्या स्क्रीनचा, रस्ता बोलून सांगणारा नवा स्टिरिओ घेतला. वायरी जुळेनात, डॅशबोर्डात चौकट बसेना. फिटरने माझा अख्खा रविवार खाल्ला. पण सोमवारी त्याचं चीज झालं. बेकरी यायच्या आतच स्टिरिओतली बाई म्हणाली, "डावीकडे वळा." बाबांनी उघडलेलं तोंड मिटलं. टाकीपाशीही तेच.

दारात गाडी लावत मी म्हणालो, "सुटलात बाबा! आता मला रस्ता सांगायला नको."



"तुला कुठे सांगत होतो रे?" बाबा स्क्रीनकडे बघत म्हणाले. "मला अजून आठवतोय का, ते रोज बघत होतो."