यादीतला पहिला नंबर

हेडक्लार्कची खुर्ची माधवलाच मिळणार, हे सूतगिरणीच्या ऑफिसात सगळ्यांनी धरून चाललं होतं. प्रभुलिंगच्या पोटात दुखत होतं ते तेवढ्याचसाठी.

माधव आठ मार्च अडुसष्टला नोकरीला लागला, प्रभुलिंग पाच एप्रिलला. त्या एका महिन्याच्या जोरावर तीस वर्षं पंख्याखालची जागा माधवची आणि साहेबांच्या केबिनमधला चहाही माधवला. शाळेत घालताना गुरुजींनी गावातल्या सगळ्या पोरांसारखी प्रभुलिंगचीही जन्मतारीख एक जून टाकली होती. म्हणजे अठ्ठावन्न पुरी होऊन येत्या मेअखेर निवृत्ती. तीन महिने का होईना, माधवच्या नाकावर टिच्चून त्या खुर्चीत बसायचं आणि मगच घरी जायचं, एवढंच त्याला हवं होतं.

नव्याण्णवच्या फेब्रुवारीत नोकरांची सेवाज्येष्ठतेची यादी कॉम्प्युटरवर चढली. ऑपरेटर शांभवी वैतागली होती. तारीख बाराच्या पुढची असली की मशीन नोंद परत करतं, महिना आधी टाकला की घेतं. बारापर्यंतच्या मात्र मुकाट्यानं गिळतं, असं ती सांगत होती.

प्रभुलिंगच्या लगेच ध्यानात आलं. मशीन पहिला आकडा महिन्याचा धरत होतं. माधवचा ०८/०३ झाला तीन ऑगस्ट, त्याचा स्वतःचा ०५/०४ झाला चार मे. माधव चक्क मागं पडला होता. प्रभुलिंगनं कुणाला चकार शब्द सांगितला नाही.

नव्या मॅनेजरांनी यादी फिरवली. ज्यानं त्यानं आपली नोंद तपासून सही करावी, नंतर बदल होणार नाही, असं बजावलं. माधवनं न वाचताच सही ठोकली. प्रभुलिंगनं नावापुढचा पहिला नंबर तेवढा डोळे भरून पाहिला.

"अण्णा, तारखा एकदा नीट बघून घ्या की," शांभवी म्हणाली.

"बघितल्यात. मशीन खोटं बोलत न्हाय, बाई." त्यानं झोकात सही केली.

सोमवारी शिपाई पिराजी बोलवायला आला. केबिनमध्ये सगळे जमले होते. माधवच्या हातात हार होता, आणि त्याचं तोंड पडलेलं होतं. ते पाहून प्रभुलिंगला गारगार वाटलं. त्यानं आपणहून मान पुढं केली. हार गळ्यात पडला, टाळ्या झाल्या.

मॅनेजर उठले. "अण्णा, यादीत तुमचा जन्म सहा जानेवारीचा आहे, आणि खाली तुमची सही. म्हणजे तुम्ही गेल्याच महिन्यात निवृत्त झालात. आता निरोपाचे दोन शब्द आपले नवे हेडक्लार्क माधवराव बोलतील."