भिंतीच्या कडेनं

वर्गात बाई एका पोराची ओली चड्डी बदलत होत्या, तेवढ्यात तोफ जाऊन भिंतीला पाठ लावून बसली.

तोफ पाच वर्षांची मुलगी. हाताला लागेल ते फेकायची, जवळ येईल त्याला बोचकारायची, म्हणून मदतनीस ताईंनी तिचं हे नाव पाडलं होतं. तिला कुणी हात लावलेला खपत नसे. डोक्याला तर नाहीच. केस विंचरायचे म्हटलं की घरात रोज रणकंदन, असं तिची आत्या सांगायची.

ती भिंत मुंगीची होती.

मुंगी त्याच वर्गातली, तोफेपेक्षा वर्षानं लहान. ती बोलत नसे, कुणाकडे बघत नसे. सकाळी दप्तर उतरवलं की उजवा हात भिंतीला टेकवून वर्गाला फेऱ्या घालायची. दार, कपाट, खिडकी, पुन्हा दार. वाटेत काही आडवं आलं की कपाळ आपटून घ्यायची. मागच्या महिन्यात कुणीतरी ठोकळ्यांची टोपली भिंतीशी ठेवली आणि तिच्या भुवईला तीन टाके पडले. तेव्हापासून भिंतीच्या कडेनं हातभर जागा मोकळी ठेवायची, असं सगळ्यांना बजावलेलं होतं.

मदतनीस ताई तापानं दोन दिवस घरी होत्या. आठ मुलं आणि बाई एकट्या.

"ऊठ गं तिथून, तिला जाऊ दे," बाई म्हणाल्या.

"नाही उठणार."

दुसऱ्यांदा सांगायचं त्राण बाईंच्यात उरलं नव्हतं. सकाळपासून एकीला उलटी झाली होती, एकानं खिडकीची काच तडकवली होती, आणि मोठ्या बाई येऊन महिन्याचा प्रगतीचा तक्ता अजून का भरला नाही, हे विचारून गेल्या होत्या. आज आता रक्त नको, एवढंच त्यांच्या मनात आलं.

खिडकीपासून मुंगी येत होती. तोफेजवळ येऊन ती थांबली.

बाई उठू लागल्या. गुडघा धरला होता. खुर्चीचा आधार घेऊन अर्ध्या उभ्या राहीपर्यंत मुंगीनं भिंतीवरचा हात काढला होता आणि तो तोफेच्या डोक्यावर ठेवला होता.

आता ही ओरबाडणार, मग ती किंचाळणार, मग कपाळ. बाईंना पुढचं सगळं दिसत होतं.

हात एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत सावकाश सरकला, पलीकडे भिंतीला टेकला आणि मुंगी पुढे चालू लागली. तोफेनं काहीच केलं नाही. तोंड उघडं टाकून ती मुंगीच्या पाठीकडे बघत राहिली.

दुसऱ्या फेरीला तसंच झालं. तिसऱ्या फेरीला मुंगी कपाटाशी असतानाच तोफेनं पाय पोटाशी ओढून घेतले आणि मान ताठ केली. बाईंच्या हातात अजून ती ओली चड्डी होती. ती कुठेतरी ठेवावी, हेही त्यांना सुचलं नाही.

शाळा सुटली. मुलं एकेक करून गेली. मुंगीला न्यायला अजून कुणी आलं नव्हतं, तिच्या फेऱ्या चालूच होत्या. तोफेची आत्या कामावरून परस्पर आली होती, पिशवी खांद्यावर, डोळे तारवटलेले. रोजच्यासारखं तिनं दारातूनच विचारलं, आज काय केलं हिनं. बाईंना सांगायचं होतं, पण कुठून सुरुवात करावी ते कळेना. त्या नुसत्याच म्हणाल्या, "काही नाही. आज काही नाही."

आत्याचा त्यावर विश्वास बसलेला दिसला नाही. तिनं घड्याळ पाहिलं. "चल गं, ऊठ. बस जाईल आपली."

तोफ जागची हलली नाही. तिची नजर खिडकीकडे होती.

"थांब," ती हळू आवाजात म्हणाली. "ती येतेय."

आत्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मुलांची एक बुटकी खुर्ची तिच्याकडे सरकवली.