आलेले कॉल

धोंडुबाईंनी जुना मोबाईल बदलून नवा घ्यायला काढला. सोबत खोकं, चार्जर आणि पिशवीतून कधीच न काढलेला हेडफोन, सगळं जपून आणलं होतं. जतच्या दुकानातल्या समीक्षानं आतलं सगळं पुसण्याआधी कॉलची यादी बघितली. खालपर्यंत एकच नाव होतं, धनाजी. सगळे कॉल आलेले, लावलेला एकही नाही.

तिला राहवेना. "आजी, तुमी कवाच फोन लावला न्हाई?"

"ल्योक मिलिट्रीत. बॉर्डरवर पहाऱ्याला उभा असायचा. माझा फोन वाजला आन् त्येचं ध्यान हललं तर? म्हून त्योच लावायचा."

"मग आता नवा कशाला?"

"जुना सारखा बंद पडतोय. आन् आता पोरगं रिटायर होऊन घरी आलंय. सकाळी मेंढरं घेऊन रानात गेलंय. आता मला बी लावायचाय की. कसा लावत्यात, दाव बघू."

समीक्षानं नव्या फोनात सिम घातलं आणि नंबर लावून दिला.

पहिल्याच रिंगला तिकडून घाबरा आवाज आला, "आई? काय झालं?"

धोंडुबाई फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून म्हणाल्या,

"काय न्हाई रं. सहज लावला."